वन्संचा फॉर्म

हे मी आजवर कोणापाशी बोललेले नाही. यांच्यापाशी नाही, मुलापाशी नाही, देवापाशीही नाही — देवापाशी तर नाहीच, कारण संध्याकाळी दिवा लावताना माझ्या शेजारी वन्सं उभ्या असतात. मग तुम्हालाच का सांगतेय? तुमचं आमच्या घरी येणं-जाणं नाही म्हणून. दुसरं काही कारण नाही.

वन्सं म्हणजे माझी नणंद, सुधा. यांची धाकटी बहीण. आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांमधून नणंद वयाने लहान असली तरी वन्संच असते. मी लग्न होऊन माधवगंजात आले तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या, दोन वेण्या आणि अखंड बडबड. आता चोपन्नच्या आहेत. बडबड तेवढीच आहे.

दार अडवणं तुम्हाला ठाऊकच असेल. नवी जोडी उंबऱ्यापाशी येते आणि नवऱ्याची बहीण दोन्ही हात पसरून दारात उभी राहते. काहीतरी कबूल करून घेते, मगच आत सोडते. यांना वाटलं, मागेल घड्याळ नाहीतर साडी. वन्सं म्हणाल्या, "मला समुद्र दाखवा." सगळे खो खो हसले. ग्वाल्हेर कुठे, समुद्र कुठे! हे नुसतेच हसत उभे. हो म्हटलं ते मी. शालू जड होता, पाय ठणकत होते, कधी एकदा आत जाते असं झालं होतं. "दाखवीन, नक्की दाखवीन," म्हटलं. त्यांनी लगेच हात खाली घेतले.

पुढची पस्तीस वर्षं कशी गेली ते विचारू नका. मी सरकारी कचेरीत कारकून, हे बँकेत, सासू-सासऱ्यांची दुखणी. वन्संचं लग्न जमता जमेना, मग एक दिवस त्यांनीच तो विषय बंद करून टाकला. खासगी बाजार मोहल्ल्याजवळच्या एका शाळेत भूगोल शिकवू लागल्या. मी सकाळी साडेनऊला घर सोडायची ती सहाला परतायची, त्यामुळे माझा मुलगा त्यांच्याच हातचं खाऊन वाढला. सुट्टीत आम्ही जायचो कुठे? इंदूरला माहेरी, फार तर झाशीला कोणाच्या लग्नाला. समुद्र त्यांनी बघितला तो फळ्यावर, स्वतःच निळ्या खडूने काढलेला.

आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं पूर्ण होत आली तेव्हा मुलाने पुण्याहून फोन केला. कोचीहून जहाज निघतं, लक्षद्वीपची बेटं फिरवतं. रात्री जहाजावर झोपायचं, दिवसा बेटावर. "तुम्ही दोघं आणि आत्या, तिघंही जा." वन्सं दुसऱ्या खोलीत होत्या, तिथूनच ओरडल्या, "वहिनी, पस्तीस वर्षांनी दार सुटलं हो!"

तिथे जायला परवाना लागतो. फॉर्म, फोटो, आणि पोलीस थाण्यातून चौकशीचा दाखला. कागदपत्रं म्हटली की आमच्या घरात माझं काम. यांना साधा फॉर्म नीट भरता येत नाही. तीन फॉर्म मीच भरले, तिघांच्या सह्या घेतल्या आणि थाण्यात मी एकटी गेले.

दोनच दिले.

तिसरा पिशवीतच राहू दिला. विसरले नव्हते. रिक्षात बसल्यापासून माहीत होतं की हा द्यायचा नाही. एक कागद पुढे सरकला नाही की माणूस किती अडतो, हे कचेरीत बत्तीस वर्षं बसलेल्या बाईला कोणी शिकवायला नको.

का? मत्सर, दुसरं काय. हे आणि वन्सं एकमेकांशी बोलायला लागले की मी तिसरी. लहानपणचे विनोद, कुठल्या तरी मास्तरांच्या नकला. अर्धं वाक्य हे बोलायचे, उरलेलं त्या, आणि मी पोळ्या लाटत नुसती ऐकायची. त्यांनी मला कधी मुद्दाम दूर ठेवलं नाही. उलट "वहिनी, या ना बसा" असंच म्हणायच्या. पण मला वाटलं, एकदा तरी, आठ दिवस, यांच्या शेजारी मीच असावं. आमच्या लग्नाचा वाढदिवस आहे, बहीण-भावाचा नव्हे. असं स्वतःशी म्हणायला मला लाज वाटली नाही.

थाण्यातून शिपाई चौकशीला घरी आला. वन्संनी त्या दिवशी शाळेत रजा टाकली होती. इस्त्रीची साडी, आधार कार्ड, शाळेचं ओळखपत्र, सगळं मांडीवर घेऊन बैठकीत बसल्या होत्या. शिपायाला चहा दिला, चिवडा दिला. त्याने माझं विचारलं, यांचं विचारलं, आणि उठला. "भैया, और मेरा?" वन्संनी विचारलं. तो कागद उलटेपालटे करून म्हणाला, "मैडम, मेरे पास तो दो ही नाम हैं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "तुमचं वेगळं येईल."

आठ दिवसांनी मीच वन्संना सांगितलं की तुमचा अर्ज नामंजूर झाला. कारण देत नाहीत म्हटलं. हे तर थाण्यात भांडायला निघाले होते, चपला घातल्या होत्या पायात. मी म्हटलं, भांडाल तर आपलेही अडकवून ठेवतील. खुद्द वन्संनीच यांना खाली बसवलं. "जाऊ दे रे दादा, सरकार घाबरतं मला." आणि हसल्या. पुढे तो किस्साच झाला त्यांचा. शेजारीपाजारी, शाळेत, हळदीकुंकवाला, जिथे तिथे. माझ्यासमोर, रंगवून रंगवून सांगायच्या.

जहाज छान होतं, खोटं कशाला बोलू? चौथ्या दिवशी आमच्या लग्नाचा वाढदिवस. स्वयंपाक्याने पायसम केलं, अनोळखी लोकांनी टाळ्या वाजवल्या. बेटाजवळ जहाज उभं राहायचं आणि आम्हाला लहान होडीत उतरवायचं. पाणी इतकं स्वच्छ की खालची वाळू दिसायची. त्या दिवशी होडीत हे माझ्या शेजारीच बसले होते, माझा हात धरून. आणि म्हणाले, "सुधी असती ना, तर या होडीवाल्याला भूगोल शिकवला असता तिने." जेवताना सुधी, माशांचा थवा दिसला की सुधी. फोन लागेना म्हणून दिवसभर डेकवर फोन उंच धरून फिरत होते, पाणी तिला दाखवायचं म्हणून. शेवटी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत समुद्र भरून घेतला. ती बाटली कोचीपासून ग्वाल्हेरपर्यंत रेल्वेत मांडीवर धरून आणली. वन्संनी बूच काढून वास घेतला, बोट बुडवून जिभेवर लावलं. "अगं बाई, खरंच की खारट!" म्हणाल्या. बाटली त्यांच्या खिडकीत ठेवली.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं, नाही? मत्सरी बायको, एक फॉर्म, झालं. पण मुख्य गोष्ट मी अजून सांगितलेलीच नाही. सांगता सांगता पुढे ढकलत आलेय.

फॉर्म भरायच्या आधी महिनाभर मी वन्संना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. काचबिंदू, दोन्ही डोळ्यांत, बराच पुढे गेलेला. त्या बाहेर चपला घालत होत्या तेव्हा डॉक्टरांनी मला थांबवलं. औषधांनी थोडं लांबेल, पण त्यांना जे काही बघायचं आहे ते एक-दोन वर्षांत बघून घेऊ द्या, असं म्हणाले. अगदी सरळ, असंच. वन्संना हळूहळू सांगा, घाबरतील, असंही म्हणाले. मी घरी येऊन यांना आणि वन्संना एवढंच सांगितलं की नंबर वाढलाय, थेंब घालायचेत.

म्हणजे मला माहीत होतं. रिक्षात तो फॉर्म पिशवीत होता तेव्हा माहीत होतं. "तुमचं वेगळं येईल" म्हणाले तेव्हाही.

दीड वर्षात त्यांना शाळा सोडावी लागली. आता उजेड-अंधार कळतो, माणूस आवाजावरून. मुलगा म्हणाला, आत्या, मी नेतो तुला गोव्याला. त्या म्हणाल्या, "आता नेऊन काय करशील, आवाज तर मोबाइलवर पण येतो."

या हिवाळ्यात मुलाचं लग्न झालं. त्याला बहीण नाही, म्हणून दार आत्याने अडवायचं ठरलं. वन्सं भिंतीला हात लावत लावत आल्या आणि चौकट चाचपून दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. नवी सून बाहेर, मी आत, वन्संच्या पाठीशी ओवाळणीचं ताम्हन घेऊन. पोरं ओरडायला लागली, "आत्या, मांगो, मांगो! कुछ बड़ा मांगो!"

वन्सं हसल्या. म्हणाल्या, "मी एकदा या दारात मागितलं होतं. वहिनी बिचारी हो म्हणाली होती, सरकारनेच नाही म्हटलं." मग मान थोडी वळवून, मी नेमकी कुठे उभी आहे याचा अंदाज घेत, "हो ना वहिनी?"

सगळे माझ्याकडे बघत होते. फॉर्म तेव्हाही माझ्या कपाटात होता, साड्यांखाली, त्यांच्या सहीचा. आजही आहे.

मी "हो" म्हटलं. त्यांनी हात खाली घेतले.