पाहुण्यांचं पाणी

आरोग्य खात्यात कारकून होतो असं सांगितलं की लोकांना वाटतं, मी जन्मभर जावक क्रमांक टाकले. टाकलेच. पण उरलेला वेळ संशोधकांची सोय पाहण्यात गेला. पुण्या-मुंबईहून पथकं यायची, आमच्या लोकांना प्रश्न विचारून जायची, आणि त्यावरून पुढे धोरण ठरायचं. नमुने त्यांच्याबरोबर गेले; किस्से आमच्या ऑफिसात साठत राहिले.

यातले बरेचसे एकाच गावचे. पूर्णाकाठचं, खारपाणपट्ट्यातलं गाव. जमिनीखालचं पाणीच खारट. "तिथं डाळ शिजत नाही, किडनी शिजते," असं आमचे तालुक्याचे डॉक्टर म्हणायचे. सरपंच कौसाबाई. नवऱ्याला डायलिसिससाठी सारखं अकोल्याला न्यावं लागायचं. धरणाचं गोडं पाणी पाइपलाइनने गावात यावं, एवढा एकच ध्यास. "बुढ्याचं झालं ते झालं," त्या म्हणायच्या, "नातवाईचं नाई व्हायले पाह्यजे."

* * *

पहिलं पथक आहाराचं. पुण्याच्या एका तरुण मॅडमनी एका म्हातारीला विचारलं, "आजी, गेल्या आठवड्यात फळं कितीदा खाल्ली?"

आजी दचकल्या. "काऊन वं माय? कोन बिमार हाये?"

मॅडमनी क्षणभर विचार केला आणि लिहून घेतलं: फळे – नाही. प्रकृती – उत्तम.

* * *

दुसरं पथक हात धुण्याच्या सवयीचं. घरोघरी साबण आहे का, ते पाहायचं. आमचा ड्रायव्हर गजानन गाव यायच्या आधीच फोनवर कुणाशी तरी बोलला. त्या दिवशी एकही घर बिनसाबणाचं निघालं नाही. सगळीकडे हिरवा साबण, सगळीकडे एकाच कोपऱ्यात तुटलेला. मागच्या गल्लीतून तो एकच साबण आमच्या एक घर पुढे धावत होता.

या पथकाच्या मॅडमना शंका आली. "गजाननभाऊ, साबण प्रत्येक घरी ओलाच कसा?"

"वापरतेत ना म्याडम लोकं."

पुढे शिफारस आली की या भागात हात धुण्याची सवय पक्की आहे, प्रचाराची गरज नाही.

* * *

मग पाण्याचं पथक आलं. पाइपलाइन कोणत्या गावांना द्यायची, ते यांच्या अहवालावर ठरणार होतं. कौसाबाईंनी कंबर कसली. वांग्याची भाजी, भाकरी, ठेचा. पथकातली पोरं बाटल्या घेऊन हातपंपाकडे निघाली तशी बाईंनी अडवलं.

"उन्हाचे कुठी जाता बाप्पा? तुमी जेवा. बाटल्या आमी भरून आनतो."

पथक जेवलं. बाटल्या भरून आल्या, लेबलं लागली, गाडी गेली.

अहवाल आला: पाणी पिण्यास उत्तम. गावाचं नाव यादीतून उडालं.

कौसाबाई ऑफिसात येऊन बसल्या. डॉक्टरांनी विचारलं, "बाई, बाटल्या कुठून भरल्या?"

"क्यानातून."

त्या गावात पाहुण्याला खारं पाणी देत नाहीत. पाहुणा येणार म्हटलं की तालुक्याहून फिल्टरचा कॅन येतो.

"इतक्या चकाचक बाटल्या, साहेब," बाई म्हणाल्या. "त्याच्यात आमचं पानी भराले लाज वाटली मले."

हसू आम्हा सगळ्यांनाच आलं होतं. पण बाई रडत होत्या.

* * *

डॉक्टरांनी वर कळवलं. वरून उत्तर आलं, झालेलं संशोधन खोडायला नवं संशोधन लागेल. डॉक्टर तडक जिल्ह्याच्या बैठकीत गेले. मी फायली धरून मागे. त्यांनी हातपंपाच्या पाण्याची बाटली टेबलावर ठेवली. "सर, एक घोट घेऊन पाहा."

अध्यक्षांनी बाटली दोन बोटांनी बाजूला सरकवली. "चव हा निकष नाही, डॉक्टर."

आणि आपल्यासमोरच्या मिनरल वॉटरचं बूच उघडलं.

* * *

आज त्या गावात धरणाचं पाणी येतं. सरकारी कागद म्हणतो, हा निर्णय शास्त्रीय पुराव्याच्या आधारे झाला. तो पुरावा गोळा होताना मी तिथे खुर्च्या मांडत होतो.

त्याचं असं झालं. त्या बैठकीनंतर मुंबईहून एक मोठे साहेब जिल्ह्यात पाहणीला आले. पाण्याचा तो अहवाल त्यांच्याच सहीने मंजूर झालेला. डॉक्टरांनी खटपट करून ते गाव दौऱ्यात घुसवलं. कौसाबाईंनी आदल्या दिवशीच घरोघरी बजावलं, कॅन आणायचा नाही.

जाऊबाई चिडल्या. "पाहुन्याले असं पानी देते का कोनी? काय म्हनतीन लोकं?"

"म्हनू दे. पाहुनचारापायीच तं बुडलो आपन."

साहेबांना हातपंपाचं पाणी दिलं. एक घोट घेऊन त्यांनी पेला खाली ठेवला आणि चष्मा पुसला. मग चहा आला, त्याच पाण्याचा. दूध फाटून वर तरंगत होतं. साहेबांनी कपाकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर छताकडे पाहत होते.

शेवटी साहेब हळूच म्हणाले, "बाई, गावात दुसरं पाणी नाही का हो?"

कौसाबाईंनी पदर सावरला.

"हाये ना, साहेब. तुमच्या अहवालात."