थडग्याचा बिल्ला आणि माझा

ओहायोतल्या डब्लिनला मुलाच्या घरामागे एक लहानसं कब्रस्तान आहे. बारा-पंधरा दगड, बहुतेक वाकडे. त्यातला एक सैनिकाचा. हा गडी इंग्रजांशी लढला, आपल्या कितीतरी आधी, आणि जिंकलाही. शौर्याबद्दल त्याला बिल्ला मिळाला होता. तो घरच्यांनी हरवला, म्हणून गावाने थडग्याशेजारी गजावर पितळेचा दुसरा बसवला आणि पुन्हा त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. माळ्यावर टाकलेल्या तांब्यासारखा हिरवा पडला होता.

मी रोज सकाळी तिथेच फिरायला जातो. दुसरीकडे कुठे जायचं तर गाडी लागते, आणि गाडी लागली की मुलगा लागतो. मला कोणी लागलेलं आवडत नाही.

त्या दगडांची निगा एक म्हातारा अमेरिकन राखतो. माझ्याच वयाचा, माझ्याइतकाच हेकट. मऊ ब्रशने दगड असे धुतो की जणू बाळंतिणीचं बाळ न्हाऊ घालतोय. बिल्ल्याला मात्र हात लावत नाही. मला ते बघवेना. एका शनिवारी नातीला बरोबर घेतलं, वाटीत भिजवलेली चिंच घेतली आणि तो यायच्या आत बिल्ला घासला. समईसारखा लखलखला.

म्हातारा आला, कमरेवर हात ठेवून बघत राहिला, मग काहीतरी बोलला.

"आजोबा, तो म्हणतो ग्रीन कलर ओरिजिनल असतो. तो ठेवायचा असतो."

"त्याला म्हणावं, घाण ओरिजिनलच असते."

हे तिने सांगितलं की नाही, देव जाणे. पण तो हसला आणि त्याने विचारलं, हे कुठे शिकलात?

"सांग, मी शिपाई होतो. चौतीस वर्षं. मलाही बिल्ला होता, रोज घासायचो."

नात बोलली. म्हातारा एकदम ताठ झाला आणि त्याने मला कडक सलाम ठोकला. म्हटलं, माणूस सभ्य आहे. तहसील कचेरीत चौतीस वर्षांत मला कोणी सलाम केला नव्हता. मीच करायचो.

मे अखेरच्या सोमवारी इथे मेलेल्या सैनिकांची आठवण करतात. त्याच्या आधीच्या शुक्रवारी जेवताना मुलाने फोनवर कब्रस्तानातल्या कार्यक्रमाची ईमेल वाचली आणि त्याचा घास तसाच हातात राहिला.

"बाबा, हे काय आहे? इंडियन आर्मीतले पदक मिळालेले सैनिक हार वाहणार, म्हणजे तुम्ही. कुठलं वॉर लढलात?"

"ही सेड शिपाई," नात म्हणाली. "शिपाई मीन्स सोल्जर."

तिच्या रविवारच्या मराठी शाळेच्या पुस्तकात शिपाई घोड्यावर आहे, ढाल-तलवार घेऊन. चहाचा ट्रे घेतलेला शिपाई त्यांनी छापलेला नाही.

सुनेला हसू आवरेना. मुलगा हसला नाही. "मी कॅन्सल करतो. तुम्हाला बरं नाही म्हणून कळवतो."

"मला काय धाड भरलीय?"

"मग खरं सांगू? माझ्या टीममधले दोघं येणार आहेत तिथे. त्यांना मी गव्हर्नमेंट सर्व्हिस म्हणून सांगितलंय."

"खोटं कुठाय त्यात? गव्हर्नमेंटच्याच दाराशी स्टुलावर बसायचो."

"बाबा, प्लीज यार."

बापाला यार म्हणाला, म्हणजे फारच घाबरला होता. मी म्हटलं, "न लढलेल्या लढाईचा मान मी घेत नाही. पण जाणार. आणि मी कोण ते तिथेच सांगणार." ज्या नोकरीवर घर उभं राहिलं, तिला मुलगा फडताळात लपवतोय, हे मला चौथी शिकूनही कळत होतं.

सोमवारी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला. पन्नासेक माणसं खुर्च्या टाकून बसली होती. म्हातारा हार घेऊन माझ्याकडे आला. मी नातीला विचारून इंग्रजी शब्द पाठ केला होता. "प्यून," मी छातीवर हात ठेवून म्हणालो. बाकीचं तिने सांगितलं: साहेबांचे कागद नेले, चहा आणला, आणि लढाई एकदाच झाली, कचेरीच्या छपरातल्या मधमाश्यांशी. त्यात मी हरलो.

म्हाताऱ्याचे कान लाल झाले. त्याने पुढच्या खुर्चीतला खरा सैनिक बोलावला. तो काठी टेकत दगडापर्यंत आला आणि तिथेच अडकला. गुडघे गेलेले, वाकता येईना. लोक आकाशाकडे बघू लागले. मी पुढे झालो, म्हाताऱ्याकडून हार घेतला, त्याला आधी सैनिकाचा हात लावून घेतला, मग वाकून हार दगडाला टेकवला आणि एक पाऊल मागे सरून हात बांधून उभा राहिलो. साहेबाला वाकता येत नाही तिथे शिपायाने वाकायचं. नोकरीच ती होती.

सलाम काही परत मिळाला नाही. चुकून दिलेला होता, म्हाताऱ्याने मनातल्या मनात वसूल केला असावा.

मुलाच्या ऑफिसातला एकजण कॉफीचा कप घेऊन आला आणि माझ्याकडे बघत त्याला काहीतरी विचारू लागला. मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

"माय फादर वॉज अ प्यून," तो म्हणाला.

समोरचा चेष्टा समजून हसला. मुलगा हसला नाही. "थर्टी-फोर इयर्स," तो जरा मोठ्यानेच म्हणाला.

एवढं इंग्रजी मला कळतं. बिल्ला आता पुन्हा हिरवा पडायला लागलाय. मी चिंच भिजत घातली आहे. म्हातारा नको-नको म्हणतो, पण ते इंग्रजी मला कळत नाही.