बरबटीच्या शेंगा आणि सुनंदाची पारख

आज सुनंदाचं वर्षश्राद्ध, आणि मी पिपरीला तिच्या घरी न जाता बँकॉकमध्ये जेवणाच्या लाईनीत उभी आहे.

ज्यांना राग येईल त्यांनी आधी पूर्ण वाचा. मग खुशाल बोला.

सुनंदा म्हणजे पिपरी मेघेची आमची भाजीवाली. शेत घरचं, भाजी घरची, तोंड फटकळ. मी सावंगीच्या हॉस्पिटलात नर्स. ड्युटी सुटली की तिच्याकडे थांबायचं, असं बारा वर्षं चाललं.

खोटं बोलून तिनं कधी भाजी विकली नाही.
"आज वांगे नको नेजा सिस्टर, किडके निघून राह्यले," असं गिऱ्हाइकांसमोर सांगायची.

भेंडीचं शेपूट मोडून बघणाऱ्या बायांवर भयंकर चिडायची. त्या गेल्या की मला हळूच म्हणायची, जेवाले जाव तर अशा निवडून घेनाऱ्या बायाइच्याच घरी जाव.

तीन वर्षांपूर्वी मी बँकॉकचं बुकिंग केलं. नवऱ्याची सुट्टी कॅन्सल झाली. मी सहज सुनंदाला विचारलं, तर बाई दोन महिन्यांत पासपोर्ट घेऊन हजर.

मी मोबाईलमध्ये तिथल्या नावाजलेल्या हॉटेलांची लिस्ट करून नेली होती. रेट पाहूनच आम्ही ती लिस्ट बंद केली.

शेवटच्या दिवशी सकाळी सुनंदा म्हणाली, "आपन भाजीबाजारात जाऊ. कोन निवडून घेते ते पाहू, आन् तिच्याच हातचं खाऊ."

गेलो. साठीची एक बाई बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या शेंगा घेत होती. तिकडची बरबटी हातभर लांब असते. ती एकेक शेंग वाकवायची, कटकन मोडली तर टोपलीत, नाही तर परत ढिगात.

सुनंदानं माझा दंड धरला. "हेच."

लगेच मागे जावं की नाही? नाही. ती बाई निघाली आणि सुनंदा तिथल्या शेंगावाल्याशेजारी फतकल मारून बसली. शिळ्या शेंगा काढल्या, पाणी शिंपडलं, जुड्या बांधून दिल्या. भाषेचा पत्ता नाही, पण दीड तास दोघांचं मस्त चाललं होतं. मी तिथं उभी राहून घड्याळ बघतेय.

त्यानंच हातवारे करून त्या बाईचा ठेला कुठे ते सांगितलं.

ठेला म्हणजे गल्लीच्या कोपऱ्यात चार प्लास्टिकची टेबलं. मागच्या भिंतीवर मात्र बक्षिसांच्या फ्रेमी, पेपरातली कात्रणं. लाईनीत टॅक्सीवाले आणि गोरे टुरिस्ट एकामागे एक. आपल्या बसस्टँडवरच्या थाळीच्या भावात लाल मसाल्यातल्या शेंगा, चिकन आणि भात.

आमच्या पुढे दोनच जण उरले होते, तेव्हा तिनं कढई पालथी घातली.

संपलं.

संध्याकाळची फ्लाईट. मी एअरपोर्टपर्यंत सुनंदाशी बोलले नाही. ती पिशवीतला चिवडा खात म्हणाली, पुढच्या वेळी पह्यल्या नंबरात उभं राहू.

पिपरीत तिचे मिस्टर, देविदासभाऊ, सगळ्यांना सांगत सुटले, "विमानानं गेल्या आन् चिवडा खाऊन आल्या." तीही हसायची.

पण एकदा ते म्हणाले, खाल्लं तर नाई, मंग ते बाई चांगली रांधते हे तुले काय मालूम?

यावर मात्र ती हसली नाही. माझ्या पाहण्यात तेवढं एकदाच.

मग तिचं दुखणं. आमच्याच वॉर्डात होती. शेवटच्या आठवड्यात माझा हात धरून म्हणाली, "तुम्ही जाजा सिस्टर. खाऊन सांगजा. चांगलं नसन तर नाई म्हनून सांगजा. खोटं नको."

मी हो म्हटलं.

मागच्या महिन्यात भाऊंकडे गेले, तर ते श्राद्धाला तिच्या पानात काय काय वाढायचं ते ठरवत होते. वडे, भरीत, पाटोडी. मग थांबले. म्हणाले, "तेवढं एक राहून जाते, ताई. आपल्याले त्या ठेल्यावरच्या शेंगा बनवता येत नाई. तुम्ही जाऊन या."

चिवड्यावरून हसणारा हाच माणूस.

घरी सगळ्यांनी वेड्यात काढलं. इन्चार्ज म्हणाल्या, रजा मिळणार नाही. मी म्हटलं, रजा द्या नाहीतर राजीनामा घ्या, मी जाणार. आणि आले.

आज सकाळी सातपासून उभी आहे. पहिला नंबर. ती बाई समोर बसून शेंगा मोडतेय. प्रत्येक आवाजाला मला रडू येतंय, येऊ दे.

...

ताट समोर आलं. फोटो काढला नाही, आधी खाल्लं. अर्धं ताट संपल्यावर भाऊंना फोन लावला.

ते म्हणाले, पान वाढून बसलो आहो. तुमचा फोन आल्याबिगर बाहेर ठेवत नाई.

मी सांगितलं. शेंग शिजलेली आहे, तरी दाताखाली कटकन मोडते. मीठ बरोबर, तिखट डोळ्यांत पाणी आणणारं. भात मात्र थोडा चिकट. भाऊ, सुनंदा बरोबर होती.

पलीकडून पान उचलल्याचा आवाज आला.

मग म्हणाले, "सांगतो तिले," आणि फोन ठेवला.

सुनंदा, खाल्लं गं. खोटं एक अक्षर नाही.

ही माझी श्रद्धांजली. ताटात काही टाकलं नाही.