भाचीचा सगळ्यात अवघड पेशंट

आमच्या भाचीच्या लेखी जगात दोनच जाती आहेत: चावणारे आणि न चावणारे. आपण कशात मोडतो हे कळायला तिच्यासमोर एकदा तोंड उघडावं लागतं. तिचे आईवडील पुण्याला परतले आणि ती जीवशास्त्राच्या पदवीसाठी चोआ चू कांगला आमच्याकडे राहिली, ती पुढे जनावरांचं डॉक्टर व्हायचं हे पक्कं करूनच. या देशात तसलं कॉलेजच नाही, म्हणून अर्ज ऑस्ट्रेलियाला. तिथले लोक विचारणार, जनावरं किती हाताळलीत? आणि आमच्या एचडीबीच्या, म्हणजे सरकारी वसाहतीतल्या फ्लॅटमध्ये तर तेव्हा मांजर पाळायलाही बंदी.

मग दर शनिवारी ती एका फार्मवर शेळ्यांची खुरं कापायला जाऊ लागली. परतताना बसमध्ये तिच्या शेजारी कोणी बसत नसे. मी नाक दाबलं की इथल्या लोकांसारखा 'ला' जोडून म्हणायची, "मावशी, वास नाही ला, एक्सपीरियन्स आहे." शेळ्या कमी पडल्या की आम्ही होतोच. नवरा ऑफिसच्या कॉलवर असताना त्याच्या पोटाला स्टेथोस्कोप लावून तिने शेरा दिला होता, "रवंथ सोडून सगळं नॉर्मल."

पण तिचा खरा पेशंट म्हणजे माझे सासरे. आप्पा निवृत्त हेडमास्तर. रक्तदाबाची गोळी गालात धरायची आणि तुळशीच्या कुंडीत थुंकायची, हा त्यांचा नेम. नोव्हेनाच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनीही हात टेकले होते. एका सकाळी भाचीने आप्पांची हनुवटी वर केली, गोळी जिभेच्या पार मागे ठेवली, तोंड मिटलं आणि अंगठ्याने गळा हळूच खाली चोळला. गोळी गेली. "गुड बॉय," ती सवयीने म्हणाली. मी डोळे मिटून घेतले. ज्यांच्यापुढे अख्खी शाळा चळचळा कापायची ते आप्पा म्हणाले, "उद्या किती वाजता?"

एकाच कॉलेजने मुलाखतीला बोलावलं. ही संधी हुकली तर सगळंच संपलं, हे तिला माहीत होतं. त्या दिवशी तिने कोणाचेही दात पाहिले नाहीत. लॅपटॉपवरच्या बाईंनी विचारलं, सगळ्यात अवघड पेशंट कोणता? आप्पा कोपऱ्यात पेपर उलटा धरून बसले होते. भाचीने इंग्रजीत सांगितलं, "वयस्क नर. हट्टी. पण एकदा विश्वास बसला की फार गुणी." त्या बाई हसल्या. महिन्याभराने प्रवेश मिळाल्याचं कळलं, तेव्हा सगळ्यांत आधी आप्पांनी पेढे आणायला सांगितलं आणि सगळ्यांत आधी तेच पेढा न खाता आत जाऊन पडले.

ती गेली, घर स्वच्छ झालं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही. आप्पा आता गोळी स्वतः घेतात. पण घेतल्यावर मोबाइल समोर धरून आ करतात, आणि पलीकडून ती "गुड बॉय" म्हणेपर्यंत खुर्चीवरून उठत नाहीत.