उशिरा येणाऱ्या बायकांचा बचत गट

पैसा जमवायला हप्ता भरावा लागतो, किस्से मात्र आपोआप जमतात! आमच्या बचत गटाची वही माझ्याकडे असायची. तिच्यात प्रत्येकीचे आठवड्याचे वीस रुपये नीट लिहिलेले आहेत. पण त्या वीस रुपयांबरोबर दर शुक्रवारी जे काही माझ्या घरात येऊन पडायचं, त्याला वहीत रकानाच नव्हता. ते सगळं माझ्या डोक्यात राहिलं. नवरा म्हणतो, "गॅस बंद करायचा विसरतेस, हे बरं लक्षात राहतं!"

तर मी छाया. कामतघर या यंत्रमागांच्या वस्तीत ब्लाउज शिवते. मोबाइल अजून लोकांच्या खिशात कमी आणि बोलण्यात जास्त होते, तेव्हाची ही गोष्ट. मी दहावी पास, म्हणून सगळ्यांनी मला सचिव केलं. गटात आम्ही अकराजणी. बैठक शुक्रवारी चार वाजता, कारण शुक्रवारी लूम बंद. बाकीचे सहा दिवस खडखडाटात एकमेकींचं धड ऐकू येत नाही. शुक्रवारी ऐकू यायचं, तरी सवयीने सगळ्या ओरडूनच बोलायच्या. आमच्या गटाची शिल्लक किती, हे पलीकडच्या गल्लीलाही माहीत असायचं!

*

पहिल्या बैठकीला बचत गट सुरू करून देणाऱ्या संस्थेच्या मॅडम आल्या होत्या. त्यांनी एकेकीला विचारलं, "तुम्हाला बचत कशासाठी करायचीय?"

सगळ्यांनी शाळेतल्यासारखी उत्तरं दिली. मुलांचं शिक्षण, आजारपण, मुलीचं लग्न. मॅडम खूश होऊन माना डोलावत होत्या. मग सविताची पाळी आली. सविताचं माहेर जवळच्या वळ गावात. गोदामं यायला लागली तशी तिच्या भावांनी जमीन विकली. त्याआधी तिच्याकडून हक्क सोडल्याच्या कागदावर सही घेतली आणि एक साडी दिली. ती म्हणाली, "मला वळला एक गुंठा घ्यायचाय. माझ्या नावावर."

कुसुम तिची शेजारीण. जिभेला हाड नाही. ती पटकन म्हणाली, "आठवड्याला वीस रुपये भरून गुंठा? त्यात एक कुंडीभर माती येईल!"

सगळ्या हसल्या. मीसुद्धा हसले, खोटं कशाला बोलू. सविता हसली नाही. त्या दिवसापासून ती कुसुमशी बोलायची बंद झाली.

शेवटी चांगुणाकाकी उरल्या. वय सत्तरीच्या आसपास, तोंडात एकही दात नाही. त्या म्हणाल्या, "मना कवळी करायची हाय."

मॅडमना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. काकी म्हणाल्या, "हसू नका गो. भाचीच्या हळदीला समदी मटण खात व्हती, आन मी नुसता रस्सा पीत बसले. आता नातीची हळद येल. तिच्या हळदीला मी चावून खानार!"

मॅडमनी कागदावर काय लिहिलं कोण जाणे. मी डोकावून पाहिलं, तर "आरोग्य" असं लिहिलं होतं!

*

पैसे ठेवायला आम्ही लोखंडी पेटी घेतली. बँकेत जायचं म्हणजे प्रत्येक वेळी कुणाचा तरी अर्धा रोज बुडणार. मॅडम म्हणाल्या, "पेटी एकीकडे ठेवा, किल्ली दुसरीकडे." आम्ही त्यांच्याहून हुशार! पेटीला दोन कुलपं लावली आणि किल्ल्या दिल्या सविता आणि कुसुमला. ज्या दोघी एकमेकींशी बोलतच नाहीत, त्या मिळून गडबड काय करणार?

पण पेटी उघडायची कशी, ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही. सविता मला म्हणायची, "तिला सांग, आधी तुझं कुलूप काढ." कुसुम म्हणायची, "तिला सांग, मी का आधी?" दोघींच्या मध्ये हातभर अंतर, आणि मी मध्ये बसून निरोप पोचवतेय! वीस-वीस मिनिटं हे चालायचं. शेवटी दोन्ही किल्ल्या मीच मागून घ्यायची आणि माझ्या हाताने कुलपं काढायची.

पण फायदा बघा. आधेमधे कुणाला साडीसाठी, कुणाला बाजारातून प्लास्टिकच्या खुर्च्या आणायला पैसे हवे असले, तरी या दोघींना एकत्र आणण्याच्या भीतीने कुणी मागायचंच नाही! वर्षभराने मॅडम आल्या, वही पाहिली आणि चकित झाल्या. "किती शिस्त आहे तुमच्या गटात! कशामुळे जमलं हो हे?"

मी म्हटलं, "भांडणामुळे, मॅडम!"

*

आमच्यातल्या नसीमभाभी लूमसाठी सुताच्या कांड्या भरायच्या मशीनवर कामाला जायच्या. गटाचे वीस भरून वर काही उरलं, तर ते घरी माळ्यावरच्या रिकाम्या डब्यात टाकायच्या. नवऱ्याला पत्ता नव्हता. नवरा टेम्पो चालवायचा.

एका शुक्रवारी त्या घाईघाईने आल्या आणि माझ्या कानाशी लागल्या. "छायाताई, मेरे डब्बे में पैसा बढ रहा है!"

"म्हणजे?"

"मैंने जितना डाला, उससे जास्ती निकला. दो महिने से देख रही हूँ."

मला अर्ध्या मिनिटात उलगडा झाला. टेम्पोवाल्या भाईंनाही लपवायला तोच डबा सापडला होता! मी विचारलं, "भाभी, उनको पूछा क्या?"

भाभींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मीच येडी. "पागल हूँ क्या? पूछूँगी तो बढना बंद हो जायेगा!"

*

माझ्या नवऱ्याचा किस्सा सांगितला नाही तर अन्याय होईल. तो जॉबर, म्हणजे बिघडलेले लूम ठीक करणारा. आमच्या गटाला तो "वीस रुपयेवाली बँक" म्हणायचा. मग त्याला मोबाइल घ्यावासा वाटायला लागला. माझ्यामागे लागला, "गटातून कर्ज काढून दे ना!"

मी म्हटलं, "नियम आहे. ज्याला पाहिजे त्याने समोर बसून सांगायचं."

बिचारा इस्त्रीचा शर्ट घालून आला. त्याला स्टुलावर बसवलं, समोर अकरा बायका. मुलगी बघायला येतात तसा कार्यक्रम, फक्त मुलगी हा! एकीने विचारलं, "पगार किती?" दुसरीने विचारलं, "त्यातला घरी किती देता?" कुसुमने विचारलं, "दिवसाला गुटख्याच्या पुड्या किती?" चांगुणाकाकींनी चष्मा पुसला आणि विचारलं, "जावईबापू, फोन करनार कुनाला?"

तो उठून गेला. त्या दिवसापासून गुटखा कमी झाला, पुढच्या महिन्यात बंद, आणि वर्षाच्या आत त्याने स्वतःच्या पैशांनी मोबाइल आणला. मी कौतुक केलं तर म्हणाला, "तुझ्या त्या बायकांसमोर पुन्हा बसण्यापेक्षा गुटखा सोडलेला परवडला!"

*

चांगुणाकाकींनी पावणेतीन वर्षांत एक हप्ता चुकवला नाही आणि एकदाही उशीर केला नाही. पावणेचारला येऊन बसायच्या. कांदे-बटाटे विकून वीस रुपये बाजूला काढायच्या. बाकी आमच्यातल्या कुणी ना कुणी उशिरा यायचीच. उशिराला पाच रुपये दंड, आणि त्या दंडाचा चहा व्हायचा.

मी एकदा म्हटलं, "काकी, कवळी तीन हजारांची. बाकीचं गटातून कर्ज घ्या ना."

"उधारीचं दात? त्यांनी खाल्लेला अंगी लागत न्हाय गो."

"मग मुलाला सांगा."

"पोरगा देल. पन सून पर्तेक घास मोजंल."

मग नातीचं लग्न ठरलं. हळद काकींच्या लेकीच्या घरी, सविताच्या वळलाच होती. कवळी बनवायला लागणारे दिवस वजा केले, तर हातात पाच शुक्रवार उरले. तोवरचे हप्ते धरूनही काकींचे पावणेदोनशे रुपये कमी पडत होते. आम्ही वर्गणी काढून दिली असती, पण त्यांनी घेतली नसती. मला फार वाईट वाटलं.

पुढच्या शुक्रवारी मी नवीन नियम वाचून दाखवला. यापुढे दंडाचा चहा बंद. नियम लागू झाल्यापासून जिला एकदाही दंड झाला नाही, तिला जमलेला सगळा दंड बक्षीस. सचिवाला बक्षीस नाही, कारण बैठक तिच्याच घरात!

त्यानंतरच्या चारही शुक्रवारी चांगुणाकाकी पावणेचारला हजर, आणि बाकी नऊजणी चारला गायब. मला खिडकीतून दिसायच्या. पाण्याच्या टाकीमागे उभ्या राहून दबक्या आवाजात बोलायच्या. चार वाजून पाच मिनिटं झाली की एकामागून एक आत, आणि पाच-पाच रुपये वहीवर!

काकी तोंडसुख घ्यायच्या. "काय गो बायांनो, लाज न्हाय वाटत? घरी घड्याल न्हाय?"

नऊजणी खाली मान घालून दंड भरायच्या. चौथ्या शुक्रवारी एकशे ऐंशी रुपये झाले. मी बक्षीस दिलं. काकींनी ते मोजलं नाही, पदराला बांधलं आणि गेल्या.

*

हळदीला आम्ही सगळ्या टेम्पोने वळला गेलो. टेम्पो नसीमभाभींच्या नवऱ्याचा. मांडवात काकी नवी कवळी घालून बसल्या होत्या. ताटात मटण आलं. आम्ही जेवायच्या थांबलो. काकींनी एक तुकडा घेतला, सावकाश चावला, डोळे मिटले आणि हाड काढून ताटाच्या कडेला ठेवलं. मला रडू आलं, उगाच.

मग आणखी तीन तुकडे खाल्ल्यावर त्यांनी कवळी काढली, धुतली, रुमालात गुंडाळली आणि रस्सा प्यायला लागल्या!

"काकी, हे काय?"

"चार तुकडं खाल्लं गो. उगाच झिजवायची कशाला? नातवाची हळद हाय आजून."

शेजारी सविता बसली होती. ती मांडवापलीकडच्या गोदामाकडे बोट दाखवून हळूच म्हणाली, "काकी, ते पत्रे दिसतात ना, तिथं आमचं शेत होतं." काकींनी रश्शाची वाटी खाली ठेवली. बराच वेळ त्या पत्र्यांकडे बघत राहिल्या.

*

पुढचा शुक्रवार. बक्षिसाचा हिशोब पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला होता. चार वाजले. माझ्या घरात मी आणि सविता, दोघीच. पावणेचारची काकींची जागा रिकामी. सविता म्हणाली, "काकींना बरं नाही का गं?"

मी खिडकीतून पाहिलं. पाण्याच्या टाकीमागे नऊजणी उभ्या होत्या. सगळ्यांत पुढे चांगुणाकाकी, तोंडात कवळी. त्यांनी हात आडवा धरून सगळ्यांना थांबवलं होतं. त्यांच्या मागे कुसुम उभी होती.

चार वाजून पाच मिनिटांनी सगळ्या आत आल्या. काकींनी पाच रुपये वहीवर ठेवले आणि म्हणाल्या, "लिव."

एकेकीने पाच रुपये ठेवले. शेवटी कुसुमने ठेवले. सविता एकेकीकडे बघत होती. मी पेटी पुढे ओढली आणि नेहमीप्रमाणे निरोप पोचवायच्या तयारीने बसले.

कुसुमने कमरेची किल्ली काढली आणि आपलं कुलूप आधी उघडलं.