बारशाचं पाणी आणि लातूरचा गोल

पुण्याहून निघताना गाडीच्या मागच्या काचेवरचं लाल 'एल' मी काढलं आणि कपाटात ठेवून दिलं. वीस वर्षं मी बायकांना मोटार चालवायला शिकवते. माझ्या हाताखालून गेलेली बाई चौकात वाट अडवून उभी राहत नाही, असं आमच्या भागात माझ्या क्लासचं नाव आहे. असं 'एल' लावून मराठवाड्यात फिरणं काही बरं दिसणार नाही, असं मला वाटलं.

निमित्त होतं बारशाचं. लातूरला माझ्या नणंदेच्या, म्हणजे शकुंतलावन्संच्या, नातीचं नाव ठेवायचं होतं. वर्ष दुष्काळाचं. मोबाइलवर आलेल्या निमंत्रणात खाली एक ओळ होती : 'आहेर आणू नये. जमल्यास पाणी आणावे.' मला आधी ती थट्टाच वाटली. वन्संना फोन केला तर त्या म्हणाल्या, "थट्टा कशाची गं? नळाला पाणी येऊन बारा दिवस झाले. चाळीस माणसं यायलीत. बाळंतिणीला न्हायला आन् माणसांच्या हातावर घालायला तरी पाणी पायजे का न्हाई?"

मग ठरलं, की आधी नांदेडला जायचं. तिथे आमच्या यजमानांचे जुने मित्र शब्बीरभाई राहतात. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. त्यांच्या अंगणातल्या बोअरला अजून पाणी होतं, आणि त्यांनाही लेकीकडे लातूरला यायचंच होतं. यजमानांचा गुडघा दुखत असल्यामुळे ते घरीच राहिले. आणि खरं सांगायचं तर, माझ्या शेजारी बसून गाडीतून जाणं त्यांना गुडघ्यापेक्षा अवघड वाटतं.

नांदेडला मुक्काम केला. सकाळी शब्बीरभाईंनी माझ्या गाडीचं मागचं सीट पाडलं, तिथे निळं पिंप ठेवलं, चहूबाजूंनी जुनी रजई ठासली आणि नळी सोडून ते गळ्यापर्यंत भरलं. "शंभर लिटर हाय ताई. दमानं (सावकाश) न्या," ते म्हणाले. मी हसले. दमानं चालवायला मला शिकवणारा माणूस अजून जन्मायचा होता, असा माझा समज होता.

शहराबाहेर लहान रस्ता चौपदरी रस्त्याला मिळतो. मी शिकवते तसंच केलं. थांबले, इंडिकेटर लावला, आरशात पाहिलं, जागेची वाट पाहू लागले. ट्रक गेला, त्यामागे टेम्पो, त्याच्या मागे जीप, जीपच्या टपावर रिकाम्या घागरी. जागा काही मिळेना. पाच मिनिटं झाली असतील.

"कुणाची वाट बघून राहिल्या ताई?" शब्बीरभाईंनी विचारलं.

"जागेची."

"जागा येत नस्ते. मागावी लागते. काच खाली करा, हात काढा, आन् येणाऱ्याच्या तोंडाकडं बगा."

"इंडिकेटर लावलाय की मी."

"त्या दिव्याकडं कोन बगतंय? लोकं माणसाकडं बगतेत."

खिडकीतून हात काढून कुणाच्या तोंडाकडे बघायचं, हे मला भीक मागितल्यासारखं वाटलं. तेवढ्यात थोडी फट दिसली, मी गाडी घातली. लांबून ट्रकवाल्याने दिवे मारले आणि मी घाबरून ब्रेक दाबला. मागून गार पाण्याची लाट आली ती थेट माझ्या मानेवरून पाठीत उतरली. वळून पाहिलं, तर पिंपाला झाकणच नव्हतं. ते मी स्वतः, सगळं नीट तपासून घेणाऱ्या बाईने, बोअरशेजारच्या भिंतीवर ठेवलं होतं.

शब्बीरभाई म्हणाले, "जाऊन आणू. पाच मिन्टाचं काम हाय. हितूनच उलटं घ्या, कडंकडंनं. समदे जातेत."

"उलट्या बाजूनं?" मी जवळजवळ ओरडलेच. "जन्मात कधी उलटी गाडी घातली नाही मी. बायकांना नापास केलंय त्यासाठी."

सुलट्या बाजूने परतायचं, तर दुभाजकातली फट पुढे किती लांब आहे ते कुणालाच सांगता येईना. अखेर माझी सुती ओढणी पिंपाच्या तोंडावर ताणून सुतळीने बांधली आणि आम्ही निघालो. झाकण नांदेडलाच राहिलं. शब्बीरभाईंनी मानेनेच 'बरं बाई' म्हटलं.

लोह्याच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन तडकून पडली होती. एका विहिरीभोवती बायका बसल्या होत्या, नुसत्या बसल्या होत्या, आत पाणी झिरपायची वाट बघत. अशी विहीर मागे पडली, की ॲक्सिलरेटरवरचा माझा पाय आपोआप हलका होई. रस्त्याचं काम चालू असल्यामुळे दर थोड्या अंतराने डावीकडे उतरायचं, धूळ खायची आणि पुन्हा मोठ्या रस्त्यात शिरायचं. दर वेळी माझा इंडिकेटर, माझी वाट बघणं आणि ओढणीतून उडालेला एक फवारा. चौथ्या वेळी मी काच खाली केली. पाचव्या वेळी हात काढला. समोरच्या टेम्पोवाल्याच्या तोंडाकडे मात्र मला बघवलं नाही, म्हणून तोही थांबला नाही.

अहमदपूरला खायला थांबलो. हॉटेलवाले मालक कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेले, मोठे प्रेमळ. सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा तिखट प्रकार) त्यांनी कागदावर दिली. "पलेटी धुवायला पाणी न्हाई बगा," म्हणाले. पेलाही अर्धाच भरून ठेवला. गाडीतलं पिंप पाहून त्यांनी विचारलं, "बारशाला चाललाव का लग्नाला?" यंदा पिंप घेऊन निघालेल्या माणसाला एवढंच विचारायचं असतं. निघताना त्यांनी स्वतः येऊन ओढणीची गाठ घट्ट केली.

पुढच्या वाटेवर शब्बीरभाई खुलले. "लातूर जिल्हा झाला ना ताई, तवा मी एसटीत नवाच लागलो व्हतो. त्याच्या पहिले समदं उस्मानाबादला जायचं. जिल्हा झाला आन् सायबलोकांनी गोल (चौकातलं वर्तुळ) बांधून घेतले. चौक व्हता त्याचा गोल झाला. गाडीवाले व्हते तसेच राहिले. आता उदगीरवाले म्हणतेत, आमचाबी जिल्हा करा."

"मग होणार का?"

"गोल बांधायला काढला, की समजायचं व्हनार."

साडेतीनला लातूरच्या वेशीपाशी पोहोचलो. पाळणा चारला होता आणि बाळंतीण आंघोळीसाठी खोळंबली होती. वन्संचा दोनदा फोन येऊन गेला होता. घर दहा मिनिटांवर, मध्ये फक्त एक मोठा गोल. त्याच्या मधोमध कोरडं कारंजं, कारंज्यात वाळलेली पानं.

नियम साधा आहे. गोलात आधी असलेल्याला, म्हणजे उजवीकडून येणाऱ्याला, जाऊ द्यायचं. मी जाऊ देत होते. पण उजवीकडून येणारे संपतच नव्हते. शिवाय डावीकडून येणारेही यायचे आणि समोरून उलटे येणारेही. मी हातभर पुढे जायची, कुणीतरी दुचाकी आडवी घालायचा, मी ब्रेक दाबायची आणि मागे पाणी डचमळायचं. एकदा, दोनदा, सहादा. गाडीच्या तळातून पाणी रस्त्यावर ठिबकू लागलं. मागचे हॉर्न वाजवत होते. मला अक्षरशः रडू यायला लागलं. वीस वर्षं शिकवलेलं सगळं बरोबर होतं, आणि बाळंतिणीचं पाणी माझ्याच ब्रेकखाली सांडत होतं.

शब्बीरभाई दार उघडून खाली उतरले. मागे गेले, डिकी पूर्ण उघडली, ओढणी सोडली आणि पिंपावर थाप मारून एसटीच्या आवाजात ओरडले, "पाणी हाय! बारशाचं पाणी हाय!"

सगळा गोल थांबला. रिक्षावाल्याने पाय टेकला, जीपने हॉर्न गिळला, बुलेटवरचा एक जण मागे सरकला. स्कूटरवर एक बाई होती, पायांशी रिकामी घागर. तिने पिंपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि स्कूटर मागे ओढून घेतली. त्या बाईच्या तोंडाकडे मात्र मी नीट पाहिलं.

रिक्षावाला उतरून माझ्या खिडकीशी आला. "म्याडम, गोलाला वळसा नका घालू, सांडंल. हिकडून सरळ घ्या, उजवीकडून."

"अहो, ते उलटं होतंय!"

"आम्ही हाव की उभे. या!"

आणि मी गेले. गोल उजव्या हाताला ठेवायच्या ऐवजी डाव्या हाताला ठेवून, उलट्या बाजूने, पहिल्या गिअरमध्ये, एकदाही ब्रेक न दाबता. दोन्ही बाजूंना लोक हात आडवे धरून उभे होते. पिंपातून थेंबही सांडला नाही.

वन्संनी दारातच पिंपात डोकावून पाहिलं. पाणी अर्ध्याहून थोडं वर राहिलं होतं. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"एवढं आणलंस?" त्या म्हणाल्या. "नांदेडाहून?" मग त्यांनी बादली मागवली आणि माझी ओढणी तिच्यात पिळली. नंतर दोघींनी दोन टोकांना धरून ती जाड रजईही पिळली. "हे फरशी पुसायला व्हईल," वन्सं म्हणाल्या. बाळंतीण न्हाली. पाळणा साडेचारला हलला. शब्बीरभाईंची लेकही एक कळशी घेऊन आली होती.

पुण्याला परतल्यावर 'एल' पुन्हा काचेवर लावलं आणि सोमवारी सकाळी एका नव्या शिष्येला घेऊन आमच्या चौकातल्या गोलावर गेले. समोर पाण्याचा टँकर अडकला होता. त्याला कुणीच शिरू देत नव्हतं, आणि त्याच्या मागच्या तोटीतून पाण्याची धार रस्त्यावर पडत होती.

"मॅडम, आपण उजवीकडून येतोय ना? मग आधी आपण जायचं," शिष्या म्हणाली. अगदी बरोबर म्हणाली. मी तिला गाडी बंद करायला लावली, उतरले, टँकरमागे जाऊन तोटी जमेल तेवढी आवळली. धार बारीक झाली, थांबली नाही.

"थोडंच गळतंय हो!" ड्रायव्हर वरून हसून म्हणाला.

तेवढ्या पाण्यात वन्संच्या घरची फरशी पुसून झाली असती, हे त्याला सांगत बसले नाही. चारी बाजूंनी हॉर्न वाजत होते. मी चौकाच्या मधोमध जाऊन उभी राहिले, दोन्ही हात पसरले, एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि टँकर पार निघून जाईपर्यंत सगळ्यांची वाट अडवून धरली.