गढूळ झालेली बाटली

प्रयोगशाळेत तिला सगळे स्पिरिटताई म्हणत. सुई टोचण्याआधी ती माणसाचा हात असा काही घासायची, की एखादा म्हणे, "ताई, रंग उतरेल." पण स्पिरिट सुकल्यावर तिथे कुणी बोट लावायचं नाही, हा तिचा दंडक होता. कातडीवरचा एखादा जंतू सुईबरोबर आत गेला, तर तो रक्तातलाच वाटतो. आणि काम तर तेच होतं, धडधाकट माणसांच्या रक्तात जंतू असतात का ते बघायचं. रक्ताची बाटली पंधरा दिवस उबदार कपाटात ठेवायची. गढूळ झाली तर काहीतरी वाढलं. तिची एकही बाटली कधी गढूळ झाली नव्हती आणि तिला त्याचा थोडा तोराही होता.

धडधाकट माणूस मिळणं मात्र महामुश्कील. आजारी निमूटपणे हात पुढे करतो, धडधाकट सतरा सबबी सांगतो. मग जो तो घरच्यांना धरून आणायचा. तिने नवऱ्याला आणलं.

"आजारी पडलो की काढ ना. आत्ता उगाच कशाला?" तो कुरकुरला.

घरच्या माणसाला कसले हातमोजे, म्हणून तिने ते घातले नाहीत. स्पिरिटने त्याचा हात पुसला. त्याची बडबड ऐकता ऐकता शीर हरवली, ती बोटाने पुन्हा चाचपली आणि सुई टोचली.

त्याच आठवड्यात त्याला ट्रकने उडवलं. सगळं उरकलं, पाहुणे पांगले. "वहिनी, एकदा रडून मोकळ्या व्हा," नणंद म्हणाली. ती हो म्हणाली आणि चहा टाकायला उठली. तिला काहीच वाटत नव्हतं. मग ती कामावर रुजू झाली.

एके सकाळी प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एक बाटली गढूळ झालीय. जंतू कातडीवरचे आहेत. कुणाचं तरी बोट लागलंय."

"माझं," ती म्हणाली.

बाईंनी कपाटातल्या बाटलीवरचं नाव वाचलं, तिच्या नवऱ्याचं. "राहू दे, मी टाकते," त्या हळूच म्हणाल्या.

"नको. माझी बाटली आहे."

तिने ती उघड्या हाताने कपाटातून उचलली. माणसाच्या अंगाइतकी गरम होती. तो गेल्यावरही तिच्या बोटावरचं काहीतरी त्याच्या रक्तात वाढत राहिलं होतं. आता वाफेच्या यंत्रात घालून ते मारायचं होतं. ती यंत्रापाशी नुसती उभी राहिली. बाटली हातात हळूहळू निवत गेली. पुरती गार झाली तेव्हा तिने ती आत ठेवली, आणि तो गेला हे तिला तेव्हा कळलं.